सुट्टीत मुलं घरी येण्याआधी गोळ्या बाहेर काढा

चांदूर रेल्वेतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या माझ्या माणसांनो,

डिसेंबर लागला की आपल्याकडे घराचं गोदाम होतं. समोरच्या खोलीतला कापूस छताला टेकतो. माजघरात सोयाबीनचे कट्टे एकावर एक चढतात. अंगणात पऱ्हाटीची गंजी, गोठ्याला लागून कुटार, आणि तूरही कापणीला आलेली. भाव बरा मिळेपर्यंत थांबू, असं जो तो म्हणतो. त्यात वावगं काहीच नाही, वर्षभराचा घाम आहे तो. पण या मालाच्या मागोमाग उंदीर येतात. थंडीत त्यांना ऊब हवी, दाणा हवा, पिल्लांना मऊ जागा हवी. तुमच्या घरात आज हे सगळं एका ठिकाणी आहे.

आणि नेमकं याच दिवसांत घर माणसांनीही भरतं. नाताळ तोंडावर आलाय. ख्रिस्ती घरांमध्ये करंज्या, शंकरपाळे, केक होतील, गव्हाणीचा देखावा मांडला जाईल, पुण्या-मुंबईला गेलेली मुलं परततील. शाळांना सुट्टी लागली की बाकीच्या घरांतही भाचरं, नातवंडं चांदूरच्या स्टेशनावर उतरतील. रात्री जागा पुरणार नाही. मग मुलांची अंथरुणं कुठे पडतील? कापसाच्या खोलीत. कट्ट्यांच्या शेजारी.

म्हणून हात जोडून सांगतो. पाहुणे यायच्या आत उंदीर आणि किड्यांचा बंदोबस्त करा. पण त्यासाठी धान्यातल्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणू नका. आणल्या असतील तर आजच बाहेर काढा.

ती गोळी तुम्ही पाहिलेली आहे. तीन ग्रॅमची, करड्या रंगाची, खडूच्या तुकड्याएवढी. कोणी तिला सेल्फॉस म्हणतं, कोणी नुसतंच ‘गोळी’. तिच्यात अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटू लागतो. एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू निघतो आणि मागे राखेसारखी भुकटी उरते. हा वायू कट्ट्यापाशी थांबत नाही. दाराखालून, भिंतीच्या फटीतून, कवेलूंच्या सांध्यांतून तो शेजारच्या खोलीत जातो. कधी लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी काहीच येत नाही. वास नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. या विषावर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि हृदय सांभाळू शकतात, पण वायू मारणारं इंजेक्शन जगात कुठेही नाही.

गोळ्या वापरायला सरकारने उगीच बंधनं घातलेली नाहीत. सरकारी यंत्रणेने किंवा कीड-नियंत्रणाचं काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या वापरायच्या, असा नियम आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरी ओळखीने, पुडीत बांधून, सुट्या चार गोळ्या घरी येतातच. दुकानदार बंधूंनो, तुम्हालाही हेच सांगणं आहे. समोरचा ओळखीचा आहे म्हणूनच त्याला ती पुडी देऊ नका.

हे दूरचं भय नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात चेन्नईजवळच्या कुंद्रातूरला एका घरात उंदरांसाठी विष ठेवलं होतं. कुटुंब दारं लावून एसी लावलेल्या खोलीत झोपलं. दोन लहान भावंडं गेली, आईबाप दवाखान्यात पोचले. त्याआधी, २०२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या बिबवेवाडीत, घरात कीटकनाशक मारून घेतल्यावर त्याच घरात थांबलेलं जोडपं दगावलं. आणि आपल्या शेजारचं यवतमाळ तर तुम्ही विसरला नसाल. २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती माणसं उघड्या वावरात होती, वर आभाळ होतं, वारा होता. तेच औषध तुम्ही बंद खोलीत, ढेकणांसाठी आणि झुरळांसाठी पंपाने मारणार का? मारू नका. वावरातलं औषध वावरातच राहू द्या.

आता तुम्ही करायचं काम. आज दिवसाउजेडी घरातल्या सगळ्या फळ्या, कोनाडे, माळा बघा. गोळ्यांची पुडी किंवा नळी सापडली तर उघडू नका, पाणी लागू देऊ नका, नालीत किंवा चुलीत टाकू नका. बंद, कोरड्या डब्यात घालून राहत्या घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलपात ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून तिची विल्हेवाट लावा. कट्ट्यात आधीच टाकलेल्या असतील तर त्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या खोलीत आज रात्री कोणीही झोपू नका. दारं-खिडक्या उघडी टाका, माणसांना दुसरीकडे न्या. गोळ्या हाताने उकरायला जाऊ नका.

उंदरांसाठी ट्यूबमध्ये मिळणारी ती पेस्टही घरात नको. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. २०२१ साली मुंबईत धारावीत अठरा वर्षांची मुलगी टूथपेस्ट समजून उंदरांच्या विषाने दात घासून बसली आणि काही दिवसांत गेली. पोटात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि आतून लिव्हर निकामी होत असतं. तुमच्या न्हाणीतल्या फळीवर सुट्टीत आलेलं पोरगं अंधारात हात घालणार आहे, एवढं ध्यानात ठेवा.

मग उंदीर मारायचेच नाहीत का? मारायचे. पण आधी त्यांची वाट बंद करायची. उंदराचं पिल्लू पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत येतं. न्हाणीचा पाइप, वायरींची भोकं, दाराखालची फट, भिंत आणि पत्र्यामधली जागा बघा. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसती चिंधी कोंबली तर ती तो रात्रीत कुरतडतो. कट्टे जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मागे झाडू फिरला पाहिजे. उंदीर भिंतीच्या कडेकडेने धावतो, म्हणून पिंजरा खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून ठेवा. नव्या वस्तूला तो बिचकतो. पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा न ताणता नुसता शेंगदाणा किंवा भजं ठेवा, चटावला की ताणा. एका मादीला जेमतेम तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं होतात. आज दोन दिसले आणि तुम्ही म्हणालात की नाताळानंतर बघू, तर बघायची वेळ निघून गेलेली असेल.

उंदीर नुसता दाणा खाऊन जात नाही. त्याच्या अंगावरच्या बारीक गोचिडांसारख्या किड्यांमधून स्क्रब टायफस होतो. २०१८ साली या तापाने विदर्भाला हैराण केलं होतं, माणसं गेली होती. ताप आणि अंगावर काळी खपली दिसली तर वेळीच दवाखाना गाठा, साध्या औषधाने तो बरा होतो. उंदरामागे साप येतो, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पऱ्हाटीची गंजी घराच्या भिंतीला लावू नका, चार पावलं दूर करा. पऱ्हाटीत आणि घरातल्या कापसात गुलाबी बोंडअळी दबून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तुमच्याच वावरात उतरते, तेव्हा ती गंजी फार दिवस सांभाळूही नका.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. नाताळाच्या ताऱ्याचा कंदील, दिव्यांच्या माळा, त्यांची वायर खिडकीतून आत, बोर्डापर्यंत, कापसाच्या ढिगाला घासून. उंदराचे दात जन्मभर वाढतात, त्याला कुरतडल्याशिवाय चालत नाही. वायरीचं वरचं आवरण गेलं, एक ठिणगी उडाली, तर कापूस लगेच भडकत नाही. तो आतल्या आत धुमसतो. घर झोपल्यावर पेटतो. कापसाच्या खोलीतून एकही वायर नेऊ नका. मागच्या वर्षीच्या माळा पेटीतून काढल्या की हाताने चाचपून बघा, कुरतडलेली फेकून द्या. झोपताना तारा विझवा. येशूच्या जन्माचा सण आहे, त्या रात्री कोणाच्याही घरी आग लागू नये.

त्या पेटीचंही एक सांगायचं आहे. वर्षभर माळ्यावर पडलेल्या पुठ्ठ्यात झुरळांच्या अंड्यांच्या डब्या असतात, उंदराच्या लेंड्या असतात. पेटी घरात झटकू नका. अंगणात न्या, नाकातोंडाला रुमाल बांधा. लेंड्यांवर साबणाचं किंवा ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. पुठ्ठ्याऐवजी झाकणाचा पत्र्याचा डबा वापरा. गव्हाणीसाठी आणलेलं तणस आधी दोन दिवस कडक उन्हात टाका, देखावा उतरवला की घराबाहेर काढा. करंज्यांचे, केकचे डबे रात्री उघडे राहू देऊ नका. खरकटी भांडी सकाळवर ढकलू नका. झुरळाला रात्रीच दिवस उगवतो.

दाण्यात कीड लागेल याची काळजी तुम्हाला आहे, गोळी त्यासाठीच येते. पण हिवाळ्याचं ऊन फुकट आहे. तूर इतकी वाळवा की दाताखाली कटकन फुटली पाहिजे. वाळलेला दाणा घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. घरच्या डाळीला किलोमागे चमचाभर गोडंतेल चोळा, भुंगेऱ्याला त्यावर अंडी घालणं जमत नाही. कापसाच्या खोलीचं दार लावून ठेवा, मुलांना त्यात उड्या मारू देऊ नका. २०२२-२३ च्या हंगामात भावापायी कापूस घरातच थांबला आणि गावोगाव अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी आल्या. त्यातले लाल आणि करडे ढेकूण अंथरुणापर्यंत येतात. शक्य असेल तेवढा माल सुट्टीआधी विका. उरलेल्यापासून मुलांची अंथरुणं लांब घाला.

एकट्याच्या घराने हे भागणार नाही. तुम्ही भोकं बुजवली तर उंदीर शेजारच्याकडे जाईल आणि महिन्याने परत येईल. म्हणून सगळ्या आळीने एकदम उठायला हवं. तारीख शोधायची गरज नाही. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी, आपल्याच अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले. आयुष्यभर त्यांनी हातात खराटा धरून दुसऱ्यांची गावं झाडली. त्या दिवशी सकाळी तुम्ही आपल्या दारापुढचा उकिरडा उचला, नाली मोकळी करा, कुटार झाका, नगर परिषदेच्या घंटागाडीत कचरा द्या. ज्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, त्याच्या माळ्यावर तुमच्या पोरांना चढवा. नाताळाला मग पाच दिवस हातात राहतात.

आणि एवढं करूनही काही झालंच तर? घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी उलट्या, डोकेदुखी, छातीत दडपण, धाप लागली, तर कालच्या जेवणाला दोष देत बसू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन लावा. मीठपाणी पाजू नका, उलटी काढू नका, झाडफुकीत वेळ घालवू नका. कशाचं विष आहे त्या वेष्टनाचा फोटो काढून सोबत न्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घरात गोळ्या होत्या. लाजू नका, लपवू नका. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या फुकट नंबरावर रात्रीही सल्ला देतं. हे दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये घाला, आणि ज्या बहिणीची, भावाची मुलं तुमच्याकडे सुट्टीला येणार आहेत, त्यांना आज रात्री फोन करून सांगा की घर बघून ठेवलंय, खुशाल पाठवा.