गोडबोल्यांना फासलेला रंग

ॲलेक गिनेसने साकारलेल्या स्मायली या हेरावरच्या लेखानंतर पत्रं येणार हे धरूनच होतो. पुढे तोच स्मायली साकारणाऱ्या गॅरी ओल्डमनचे चाहते चिडणार, हेही माहीत होतं. ते चिडलेच. पण या आठवड्यात माझं टाळकं सरकवलं ते एका भल्या वाचकाने. त्याने कुठूनसं आलेलं एक सजवलेलं चित्र पाठवलं. मथळा, 'हजार चेहऱ्यांचा नट'. खाली सर ॲलेक गिनेसचे चेहरे ओळीने मांडलेले. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मधले एकाच खानदानातले आठ जण, त्यात एक बाईसुद्धा. फेगिनचं नाक, 'द लेडीकिलर्स'मधले पुढे आलेले दात, राजपुत्र फैजलची दाढी, ओबी-वानचा झगा. आणि शेवटच्या चौकटीत डोक्याला काहीतरी गुंडाळलेले, तोंडाला तपकिरी रंग फासलेले, 'अ पॅसेज टू इंडिया'मधले आपले प्रोफेसर नारायण गोडबोले. सोबत टीप: 'तुम्ही म्हणता हा माणूस काहीच न करता अभिनय करतो. मग हे काय?'

त्या चित्रात स्मायली नव्हता!

नसणारच. स्मायलीचा चेहरा चौकटीत टाकून मिरवण्यासारखा नाहीच. जाड भिंगांचा चष्मा, ओव्हरकोट आणि पेन्शनरासारखी चाल. असा माणूस आपल्या शेजारी बसून लोकलने ठाण्यापर्यंत आला तरी उतरल्यावर आठवणार नाही. पण मला विचाराल तर गिनेसच्या पडद्यावरच्या पन्नासेक वर्षांच्या कारकिर्दीचा कळस 1957चा कर्नल निकल्सन नाही (ऑस्कर त्याला मिळालं, ते असो) आणि ओबी-वान तर नाहीच नाही. कळस आहे बीबीसीची 1979ची सात भागांची मालिका, 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', आणि तिच्या पाठोपाठ 1982मध्ये आलेली 'स्मायलीज पीपल'. दोन्हींसाठी त्याला बाफ्टा मिळालं. सिनेमातल्या सरदाराने पासष्टीत छोट्या पडद्यावर यावं आणि मोठ्या पडद्यावर जे केलं त्याहून मोठं काम करून जावं, हे अजून पुष्कळांच्या पचनी पडत नाही. म्हणून मग नाकं आणि दाढ्या.

या स्तंभाच्या वाचकांना माझं रंगभूषेशी असलेलं वाकडं ठाऊक आहे. चरित्रपटांवर लिहिलं तेव्हा पुरेशा शिव्या खाल्ल्या आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. टक्कल चिकटवलं, गाल फुगवले, की 'अमुकतमुक साक्षात उभे केले' अशी परीक्षणं छापून येतात आणि आत माणूस आहे की नुसता सिलिकॉनचा गोळा, हे कुणी विचारत नाही. गिनेसच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारता येतो, कारण त्याने दोन्ही केलं. रंग लावून केलं आणि पुसूनही केलं.

आता स्मायली आणि गोडबोले शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'अ पॅसेज टू इंडिया' 1984चा, म्हणजे दुसऱ्या स्मायलीनंतर जेमतेम दोन वर्षांनी. नट तोच. कागदावर पात्रंही चुलत भावंडं वाटावीत अशी. दोघंही वयस्क, दोघंही कमी बोलणारे, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्यात दोघंही पटाईत. एकीकडे गोडबोले. फील्डिंग या इंग्रजाच्या घरी चहा चालू आहे. मराबारच्या लेण्यांत आहे तरी काय, असा विषय निघतो. लेणी पाहिलेला एकटा गोडबोले. प्रश्न येतात. मूर्ती आहेत का? नाहीत. कोरीव काम? नाही. मग प्रसिद्ध कशासाठी? गोडबोले गोड हसतात. दुसरीकडे स्मायली. सात भाग तो खोल्यांमधून बसतो, समोरच्याला बोलू देतो आणि स्वतःला काय ठाऊक आहे ते शेवटपर्यंत कुणाला कळू देत नाही.

हे काम गिनेसच्या हातचा मळ असायला हवं होतं. मग एक गप्प माणूस काळजात घुसतो आणि दुसरा फोटोतल्या बाबाजीसारखा का दिसतो?

स्मायलीचा दिल्लीतला प्रसंग घ्या. इथल्या तुरुंगात त्याची रशियन हेर कार्लाशी गाठ पडते. कार्ला म्हणजे पॅट्रिक स्ट्यूअर्ट, आणि त्याला एकही वाक्य नाही. तो नुसता बसून राहतो. नेहमी गप्प असणारा स्मायलीच त्या दिवशी बोलत सुटतो. समजावतो, आमिष दाखवतो, आपल्या बायकोच्या काळजीचं ओझं नकळत समोरच्याच्या डोक्यावर ठेवतो. एक एक वाक्य टाकताना गिनेसचा आवाज किंचित घसरतो, जणू आपण नको तेवढं बोलतोय हे त्याच्या कानांना कळतंय पण तोंड थांबत नाही. बायकोने, ॲनने दिलेला लायटर कार्ला उचलून नेतो. पराभव झाला तो नेमका कुठल्या वाक्याला, हे आपल्याला दिसतं. ओल्डमनच्या 2011च्या चित्रपटात हीच हकीकत तो रात्री दारूचा ग्लास जवळ ठेवून सांगतो, कार्ला दिसतच नाही. तेही झकास आहे, चाहत्यांनी दगड खाली ठेवावेत. पण गिनेसच्या प्रसंगात लपवण्यासारखं जे काही आहे ते त्याला स्वतःला पुरतं माहीत आहे. बायको, हरलेला डाव, थकलेलं खातं, सगळं. म्हणून ते लपवताना तो दिसतो.

गोडबोले काय लपवतात? पडद्यावर पाहून सांगा. काही नाही. तिथे आहे ती नुसती 'पूर्वेची गूढता', दिग्दर्शक लीनसाहेबांनी विलायतेहून पेटीत भरून आणलेली. मान हलते, हात जोडले जातात, डोळे अर्धे मिटतात. मराठी मालिकेत सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळला की आपण समजून घेतो ना, काहीतरी गंभीर आहे बरं का, तसंच इथेही समजून घ्यायचं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. कादंबरीतला स्मायली बुटका आणि गोलमटोल. गिनेस तसा नव्हता, आणि आपण या भूमिकेला शोभत नाही अशी शंका त्याने कादंबरीकार ल कारेला पत्रातून कळवलीही होती. ल कारेने ती उडवून लावली आणि बरं केलं. ठेंगणेपणा नाही, दुहेरी हनुवटी नाही, तरी स्मायली तोच झाला. इतका, की पुढे लेखकाला स्वतःचं पात्र गिनेसला वगळून डोळ्यांपुढे आणता येईना. आता 'अ पॅसेज टू इंडिया' ही मूळ कादंबरी लिहिणाऱ्या फॉर्स्टरचा गोडबोले. 1924च्या त्या कादंबरीत तो दख्खनी ब्राह्मण आहे, आणि त्याचं वर्णन काय आहे? वर्ण युरोपियनासारखा गोरा, डोळे करडे-निळसर. म्हणजे आपल्याकडचा अस्सल घारा-गोरा. चिपळूण-गुहागराकडे एसटी स्टँडवर उभे राहिलात तर तासाभरात अर्धा डझन दिसतील. निळ्या डोळ्यांच्या ॲलेक गिनेसचा तोंडवळा त्या वर्णनाला जसाच्या तसा चालला असता. ज्या भूमिकेत त्याचा स्वतःचा रंग पुस्तकाप्रमाणे बरोबर होता, नेमक्या त्याच भूमिकेत त्याला डबाभर तपकिरी रंग फासला! का, तर हिंदुस्थानी माणूस हा तपकिरीच असतो, हे पुस्तकाहून लंडनच्या रंगभूषाकाराला जास्त कळतं.

स्मायलीच्या आधी गिनेसला खराखुरा हेर बघायचा होता. ल कारेने त्याची ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी दुपारच्या जेवणावर गाठ घालून दिली. त्या जेवणात गिनेसने काय काय टिपलं हे ल कारे पुढे रंगवून सांगत असे: कफलिंका, छत्री, चालण्याची ढब. जेवण एक, भूमिका जन्माची. गोडबोल्यांसाठी तो नुसता सदाशिव पेठेत आला असता तर आम्ही एक सोडून दहा गोडबोले जेवायला बसवले असते, आणि त्यांतल्या नऊ जणांनी त्याला मराबारची लेणी कशी बघावीत यावर व्याख्यानही दिलं असतं. गप्प बसणारा दहावा शोधायला जरा त्रास पडला असता, इतकंच.

बरं, नट मिळत नव्हता म्हणावं तर तेही नाही. दोनच वर्षं आधी ॲटनबरोच्या 'गांधी'त गोपाळ कृष्ण गोखले कोण होते? डॉ. श्रीराम लागू. बागेतला छोटासा प्रसंग, पण गोखले खोकतात, थांबतात, चालतात, आणि तो माणूस पडद्यावर नुसता दिसत नाही, तो तिथे असतो. त्याच चित्रपटातल्या कस्तुरबा, म्हणजे रोहिणी हट्टंगडी, यांना तर विलायतेनेच बाफ्टा दिलं होतं. म्हणजे मराठी नट कुठे राहतात हे लंडनला 1982पासून माहीत होतं. अझीझसाठी लीनने व्हिक्टर बॅनर्जीला घेतलं, हमीदुल्लासाठी सईद जाफरींना, अमृतरावसाठी रोशन सेठला. गोडबोल्यांची पाटी तेवढी मित्रासाठी राखून ठेवली. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'पासून दोघांनी सहा चित्रपट केले, आणि मैत्री निभावण्याच्या नादात म्हातारपणी दोघंही घसरले. (दोघांच्या दुसऱ्याच चित्रपटात, 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये, फेगिनला लावलेल्या त्या नाकाने ज्यू समाजात एवढा संताप उसळला की 1948चा चित्रपट अमेरिकेत 1951मध्ये, तोही कापून दाखवावा लागला. नाक तयार करणारे स्टुअर्ट फ्रीबॉर्न. पुढे 'स्टार वॉर्स'साठी योडा घडवला तो त्यांनीच. तिथे निदान कुणाची जात दुखावली नाही.)

मला जास्त टोचतं ते दुसरंच. फॉर्स्टरचा गोडबोले हवेतून आलेला नाही. 1921मध्ये फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारी, महाराज तुकोजीराव पवारांचे खासगी चिटणीस होते. तुकोजीराव म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, दरबार मराठी, आणि गाव तेच जिथे पुढे कुमार गंधर्व राहायला गेले. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव फॉर्स्टरने डोळ्यांनी पाहिला आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरवला. माऊ नावाचं संस्थान, कृष्णजन्माचा गलका, पाऊस, चिखल, आणि त्या गर्दीत देहभान विसरून तुकारामाच्या नावाचा गजर करणारे, नाचणारे गोडबोले. चहाच्या टेबलावर उत्तर टाळणारा हा माणूस आतून काय आहे, ते तिथे कळतं. म्हणजे गोडबोल्यांच्या गप्प बसण्यामागचा ऐवज पुस्तकात होता, आणि तो मराठी होता. लीनने काय केलं? शेवटचा भाग उचलला आणि काश्मिरात नेऊन ठेवला. बर्फ, तळं, हिमालय. छायाचित्रण सुरेख. तुकाराम गायब. गोडबोल्यांच्या नाचाचं चित्रीकरण झालं होतं, ते संकलनात उडालं. त्यावरून गिनेस दुखावला आणि जुन्या दोस्तांचं बिनसलं.

म्हणून सगळं खापर गिनेसवर फोडणं मला पटत नाही. स्मायलीला बायको, लायटर आणि सात भाग मिळाले. गोडबोल्यांची गोकुळाष्टमी काढून घेतली आणि वर सांगितलं, आता गूढ दिसा. एवढ्या शिदोरीवर लागूंनी तरी काय केलं असतं? पुष्कळ केलं असतं, असं माझं मत आहे. पुरावा नाही, पण मत आहे.

त्या चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकनं मिळाली. पेगी ॲशक्रॉफ्ट आणि संगीतकार मोरिस जार यांना पुतळे मिळाले, आणि गिनेसचं नाव अकरांत कुठेच नव्हतं. अकादमीचे निर्णय मला सहसा पटत नाहीत, हा पटला. तीनच वर्षांनी क्रिस्टीन एडझार्डच्या 'लिटल डॉरिट'मध्ये तो पुन्हा दिसला, कर्जापायी मार्शलसी तुरुंगात म्हातारा झालेला विल्यम डॉरिट म्हणून. त्यासाठी मात्र नामांकन आलं. नवख्या कैद्याकडून 'भेट' म्हणून चार नाणी घेताना हा म्हातारा असा काही आव आणतो की उपकार तोच करतोय. पुढे पैसा येतो, मोठ्या लोकांत ऊठबस सुरू होते, आणि भर मेजवानीत त्याचं डोकं सटकून तो समोरच्या रेशमी मंडळींचं तुरुंगाच्या वतीने स्वागत करू लागतो. चित्रपट दोन भागांचा, जवळजवळ सहा तासांचा. वाचकमित्राने हजार चेहऱ्यांचं ते चित्र पुढे पाठवण्याआधी तेवढी सवड काढावी. स्मायलीचे सात भाग पाहून झाले असतील तर.