समुद्राची शाळा

(प्रस्तुत पाठ वैचारिक आहे. कारखान्यांच्या वस्तीत वाढणाऱ्या मुलांना समुद्राची आणि मासेमारीची ओळख का व कशी करून द्यावी, याविषयी लेखकाने येथे आपले मत मांडले आहे.)

आनंदनगर ही अंबरनाथची औद्योगिक वसाहत आहे. सकाळ झाली की येथे कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांची रीघ लागते. या भागातील मुलांना यंत्रांचे आवाज ओळखता येतात. लोकल गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ असतात. पण "बोंबील कोठे मिळतो?" असे विचारले, तर ती चटकन म्हणतात, "बाजारात!" यात मुलांचा काहीच दोष नाही. त्यांनी मासा पाहिलेला असतो तो कोळणीच्या टोपलीत, नाही तर जेवणाच्या ताटात. पाण्यातून तडफडत वर येणारा जिवंत मासा त्यांनी पाहिलेलाच नसतो.

माझे मत असे आहे की, अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या भागातील प्रत्येक मुलाला एकदा तरी समुद्रावर नेले पाहिजे. आणि तेही नुसते फिरायला नव्हे. जाणत्या माणसाच्या शेजारी बसवून त्याच्या हातात गळ दिला पाहिजे. किनाऱ्यावर भेळ खाऊन संध्याकाळी परतणाऱ्या मुलाच्या लक्षात लाटा राहतात. गळ टाकून दोन तास बसलेल्या मुलाच्या मनात मात्र प्रश्न निर्माण होतात. पाणी वर का चढले? आता मासे का लागत नाहीत? हा मासा काय खातो? असे प्रश्न पडणे, हीच शिक्षणाची सुरुवात होय.

काही पालक म्हणतील, "आमच्या मुलांना काय मच्छीमार व्हायचे आहे? त्यापेक्षा त्यांनी अभ्यास करावा." पालकांची काळजी मी समजू शकतो. परंतु शाळेत आपण मुलांना कुंडीत मूग पेरायला लावतो, ते काही सगळ्यांनी शेतकरी व्हावे म्हणून नव्हे. आपण जे खातो ते कोठून येते, त्यामागे कोणाचे कष्ट आहेत, हे त्यांना कळावे म्हणून. जे धान्याचे, तेच माशांचे.

शिवाय गळ टाकणे हाही एक अभ्यासच आहे. समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. हे सारे चंद्रावर अवलंबून असते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास मोठी भरती येते. तिला 'उधाण' म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याला मच्छीमार 'भांग' म्हणतात.

चंद्राचा हिशोब आपल्या घरांतही चालतोच. रमजान संपताना सारे घर गच्चीवर जाऊन ईदचा चंद्र शोधते. त्या दिवसांत समुद्राला उधाण असते! चौदावीचा चंद्र आकाशात असतो, तेव्हाही उधाणच असते. कोकणातील जुने लोक भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपे गणित करतात. अमावास्या किंवा पौर्णिमा यांपासून मोजलेल्या तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. त्या दिवशी साधारण तीन वाजता पूर्ण भरती असते. हे गणित मुलाने एकदा किनाऱ्यावर बसून पडताळून पाहिले, तर ते तो जन्मात विसरणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. आजच्या मुलांना सर्व काही लगेच हवे असते. बोट लावले की मोबाइलवर चित्र बदलते. मासा मात्र कोणाच्या बोटाने येत नाही. "अब्बा, मासा का लागत नाही?" असे मुलाने दहा वेळा विचारले, तरी "थांब बेटा," एवढेच उत्तर देता येते. कधीकधी सकाळपासून बसूनही हात रिकामेच राहतात. तो दिवस फुकट गेला, असे मी मानणार नाही. कष्ट केले तरी प्रत्येक वेळी फळ मिळतेच असे नाही, हे मुलाला पुस्तकापेक्षा समुद्र चांगले समजावून सांगतो. मग बाजारात कोळणीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना त्याला थोडा विचार करावासा वाटेल.

समुद्रावर पोट भरणाऱ्यांची ओळख, हाही या शिक्षणाचा एक भाग आहे. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड येथील कोळी, रत्नागिरीकडचे खारवी आणि दालदी मुसलमान, सिंधुदुर्गातील गाबीत, असे कितीतरी लोक पिढ्यानपिढ्या मासेमारी करत आले आहेत. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात. उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. त्यांचे आराध्य दैवत झुलेलाल चित्रांमध्ये माशावर बसलेले दिसते. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या; पण पाण्याविषयीचा आदर सर्वांना सारखाच आहे. मुंबईचा ससून डॉक 1875 साली बांधला गेला. तेथे पहाटे नौकांमधून मासळी उतरवली जाते. ते दृश्य पाहिलेले मूल मच्छीमाराच्या कामाला कधीही हलके समजणार नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, समुद्र धोक्याचा आहे. हे अगदी खरे आहे. म्हणूनच मी 'जाणत्या माणसाच्या शेजारी' असे म्हटले. मुलाने एकट्याने किंवा केवळ मित्रांबरोबर कधीही जाऊ नये. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी जाऊ नये. शेवाळ असलेल्या निसरड्या खडकावर उभे राहू नये. खडकावर बसायचे असेल, तर भरती आल्यावर परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हे आधी पाहावे. गावातील मच्छीमाराला विचारावे आणि तो "नको" म्हणाला तर निमूटपणे मागे फिरावे.

पहिल्या दिवसासाठी सामानही फार लागत नाही. एक लांब दोरी, लहान गळ, शिशाचा तुकडा आणि आमिष म्हणून कोळंबी, एवढे पुरे. गळाला एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून टाकावा. त्यामुळे गळ बोटात रुतला तर लवकर निघतो आणि लहान मासा सोडताना त्यालाही कमी इजा होते. गळाला शिंगाळा लागला, तर मुलाला हात लावू देऊ नये. त्याच्या परांचे काटे विषारी असतात आणि ते टोचले तर फार वेदना होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "मुलाला जीव घ्यायला शिकवता काय?" असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्यापैकी पुष्कळजण मासे खातात. खाणाऱ्याने त्या जिवाकडे पाहूच नये, हे मला योग्य वाटत नाही. स्वतः मासा धरणाऱ्या मुलाला कळते की, ताटातला तुकडा हा कोणाचा तरी जीव होता. असे मूल अन्न टाकणार नाही. पण येथे एक नियम कडक पाळला पाहिजे. खायचे असतील तेवढेच मासे धरावेत. गंमत म्हणून किंवा मोजून मिरवण्यासाठी एकही मासा मारू नये. लहान मासा लागला, तर हात ओला करून त्याला अलगद धरावे आणि लगेच पाण्यात सोडावे.

लहान मासा सोडायचा तो केवळ दयेपोटी नव्हे. ज्या माशाने एकदाही अंडी घातलेली नाहीत, तो धरला तर पुढची पिढीच जन्माला येत नाही. याच कारणासाठी महाराष्ट्र शासनाने 2023 साली 54 जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. त्यानुसार पापलेट निदान 135 मिलिमीटर आणि बोंबील निदान 180 मिलिमीटर लांब असला पाहिजे. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पावसाळ्यात, जून-जुलै महिन्यांत, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा तो प्रजननाचा काळ असतो.

पापलेट आणि बोंबील हे बहुधा जाळ्यात सापडतात, गळाला नाही. पण नियम समजलेले मूल बाजारातही उपयोगी पडते. कंपासपेटीतील पट्टी 15 सेंटिमीटरची असते. पापलेट तिच्यावर साडेतेरापर्यंतही पोहोचत नसेल, तर मूल सहज म्हणू शकते, "अम्मी, हा अजून बाळ आहे. हा नको घेऊ या." एका घराने नकार दिला म्हणून समुद्र वाचणार नाही, हे खरे. पण गिऱ्हाईक घेईनासे झाले, की पिल्ले धरणेही कमी होईल.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लोकलने पाहिले तर अंबरनाथपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 60 किलोमीटर दूर आहे. म्हणून आपल्याला वाटते, समुद्राशी आपला काय संबंध? पण पाण्याची वाट पाहा. 1060 साली बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वालधुनी नदी वाहते. पुढे ती उल्हासनगरातून कल्याणला जाते आणि उल्हास नदीला मिळते. उल्हास नदी खाडीतून वसईजवळ समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या दारातले पाणी रोज समुद्राकडेच चालले आहे.

त्या पाण्याची स्थिती काय आहे? वालधुनीत वर्षानुवर्षे कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी सोडले गेले. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगर येथे तिच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो लोकांना त्रास झाला. जेथे असे पाणी येते, तेथील मासे खाऊ नयेत. कारण काही विषारी धातू माशांच्या शरीरात साठून राहतात. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांमध्ये मासे आणि कोळंबी यांची पिल्ले वाढतात. घाण पाणी प्रथम त्या पिल्लांपर्यंतच पोहोचते. म्हणूनच गळ टाकायला आपल्या मुलांना घरामागच्या नदीवर नेता येत नाही. त्यांना मुरूड, श्रीवर्धन किंवा रत्नागिरीला जावे लागते. ज्यांचे गाव कोकणात आहे, त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीचा उपयोग करावा.

कारखाने बंद करा, असे मी म्हणत नाही. त्यांच्यावर हजारो घरे चालतात आणि त्यांतली कितीतरी घरे आपलीच आहेत. पण सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडले पाहिजे, असे ठामपणे म्हणणारी पिढी आपल्याला हवी आहे. ही मागणी कोण करील? ज्याने स्वच्छ पाण्यातून चांदीसारखा चमकणारा मासा वर काढला आहे, तोच. त्याला वालधुनीचा काळा रंग पाहून वाईट वाटेल. ज्याने स्वच्छ पाणी पाहिलेच नाही, त्याला नदी अशीच असते असे वाटत राहील.

मुलांनो, तुमच्यातील काहीजण उद्या याच कारखान्यांत कामगार, इंजिनिअर किंवा अधिकारी होतील. टाकीचे झाकण उघडायचे की नाही, हे कदाचित तुमच्याच हातात असेल. तोपर्यंत एकदा समुद्रावर जाऊन या. घरातील मोठ्यांना बरोबर घ्या. गळ टाका, थांबा, पाण्याकडे पाहा. परतताना दोरीचा एकही तुकडा किनाऱ्यावर टाकू नका. त्यात पक्षी आणि कासवे अडकतात. मासा मिळाला नाही, तरी खंत करू नका.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'उधाण' आणि 'भांग' कशाला म्हणतात?
(आ) गळाचा उलटा काटा का दाबून टाकावा?
2. पंचमीला भरती साधारण किती वाजता येईल, ते पाठातील गणिताने काढा.
3. लहान मासा पाण्यात सोडण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
4. 'मुलांना मासेमारी शिकवावी' या मताशी तुम्ही सहमत आहात काय? आठ ते दहा वाक्यांत लिहा.
5. उपक्रम : तुमच्या घरातील सांडपाणी कोणत्या नाल्यात जाते व पुढे कोणत्या नदीला मिळते, याची माहिती मिळवा आणि नकाशा काढा.