'गडबड झाली' म्हणजे नेमकी कुणी केली?

सोमवारची सकाळ. क्लायंटला गेलेल्या कोटेशनमध्ये आकडा चुकलाय. मीटिंगमध्ये सगळे आपापल्या डायरीत डोकं घालून बसलेत. आणि बॉस घसा खाकरून म्हणतो, ''टीमकडून जरा गडबड झाली.''

झाली! काय सोयीचं क्रियापद आहे नाही? चूक होते, फाइल राहून जाते, मेल सुटतो... करणारा कुणीच नसतो! पण कोटेशनवर शेवटची सही कुणाची होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

अशा वेळी मला एक चिठ्ठी आठवते. जून १९४४, दुसरं महायुद्ध. दोस्तराष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होत्या. खराब हवेमुळे मोहीम आधीच एक दिवस लांबलेली. सरसेनापती जनरल आयसेनहॉवर यांनी हुकूम दिला आणि हल्ला फसलाच तर काय जाहीर करायचं, तेही पेन्सिलीनं लिहून ठेवलं. ताण एवढा, की तारखेत जूनऐवजी जुलै लिहिलं! आधी त्यांनी लिहिलं होतं, 'सैन्य मागे घेण्यात आलं आहे'. मग ते खोडून लिहिलं, 'मी सैन्य मागे घेतलं आहे'. सैनिकांनी शौर्यात कसर ठेवली नाही, दोष असेल तर तो माझा एकट्याचा, असा शेवट. 'माझा एकट्याचा'खाली ठळक रेघ.

६ जूनला फौजा उतरल्या, टिकल्या. चिठ्ठी वाचायची वेळच आली नाही.

आता आपल्या मीटिंगमध्ये परत या. 'गडबड झाली' ऐकून टीम एकच धडा घेते : पुढची चूक दिसली तरी गप्प बसा, उगाच आपल्यावर शेकेल. याउलट बॉस म्हणाला, 'आकडा मी तपासायला हवा होता, मी तपासला नाही', तर पुढच्या वेळी ज्युनियर मेल जायच्या आधीच केबिनचं दार वाजवतो. ऑफिसातला विश्वास म्हणजे तरी काय? वाईट बातमी वेळेवर पोचणं!

फक्त एक पथ्य पाळा. 'माझं चुकलं'नंतर 'पण' नको. त्या एका 'पण'नं सगळी कबुली पाण्यात जाते. त्याऐवजी पुढचं सांगा : 'क्लायंटला आज दुपारी मीच फोन करतो.'

पुढचा दिलगिरीचा मेल पाठवण्याआधी एकदा वाचून बघा. 'झाली' दिसली की खोडा, 'मी केली' लिहा. आयसेनहॉवरना त्यासाठी पेन्सिल लागली, आपल्या हाताशी तर बॅकस्पेस आहे!