घरातले तंत्र : आधी व्होल्टेज मोजा, मग पार्ट बदला



‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभात कंपनीने १९३२ साली याच कोल्हापुरात तयार केला. माइकचे वेड या गावाला तेव्हापासूनचे आहे. आज ते गल्लीतल्या मुलांपर्यंत पोचले असून, माइकचा बारीक आवाज वाढवणारे प्रीअँप्लिफायरचे किट मुले घरीच जोडतात.

आमच्या शेजारच्या मुलानेही असे किट आणले. पैसे आईच्या शिवणकामातले. जोडून झाले, पण बटण दाबले की फ्यूज उडे. त्याने तीन आयसी बदलले. वडील म्हणाले, “घाल भंगारात!” शेवटी आईने मला बोलावले. म्हणाली, “भाऊजी, किट राहू दे. पोराला खरंच जमत नाही का, एवढंच सांगा.”

पेटी उघडली तर फ्यूजच्या जागी वायरीच्या तारेचा पीळ! मुलगा म्हणाला, “काका, फ्यूज टिकंना, मग काय करू?” आधी ती तार काढली. फ्यूज उडतो तो घर वाचवण्यासाठी. त्याचा राग तारेने काढला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, प्रसंगी घरही पेटते.

आता दोष शोधायचा कसा? पाणी विहिरीतून पाटात आणि पाटातून वाफ्यात जाते. वाफा कोरडा असेल तर आपण पाट वरून बघत येतो, रोप बदलत नाही. इथेही तसेच करावे. आयसी सॉकेटमधून काढून ठेवावा. मेनलाइनला साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटत राहिला तर पुढे शॉर्ट आहे. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावण्याचे काम मात्र जाणकार माणसासमोरच करावे.

आमचा बल्ब लख्ख पेटला. आयसी तर सॉकेटमध्ये नव्हताच. म्हणजे तिन्ही आयसी निर्दोष होते!

प्लग काढला, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री केली आणि दोष सापडला. या किटला अधिक १५ आणि उणे १५ असे दोन व्होल्टेज लागतात. त्यासाठी ७८१५ आणि ७९१५ हे दोन रेग्युलेटर असतात. दिसायला जुळे भाऊ, पण स्वभाव उलटे. ७८१५ ची पाठीची पत्री ग्राउंडला जोडलेली असते, तर ७९१५ ची पत्री त्याच्या इनपुटला. मुलाने दोन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नुसते स्क्रूने कसले होते. त्यामुळे उणे बाजू सरळ ग्राउंडला भिडली. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर घालताच बल्ब मंद झाला. पायांचा क्रमही दोघांचा वेगळा असतो, तोही तपासून घ्यावा.

मग योग्य फ्यूज घालून, मीटरची काळी तार ग्राउंडला लावून ओळीने मोजले. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून दोन्हीकडे १५ व्होल्ट एसी. कपॅसिटरवर २० च्या वर डीसी. रेग्युलेटरनंतर अधिक १५ आणि उणे १५. साडेचौदा ते साडेपंधरा चालतात. आठ पायांच्या ५५३२ आयसीच्या सॉकेटमध्ये ८ नंबरला अधिक, ४ नंबरला उणे. एवढे जुळल्यावर, वीज बंद करूनच, खाच बघून आयसी बसवला. १ आणि ७ नंबरवर डीसी जवळजवळ शून्य हवे. तिथे तेरा-चौदा दिसले तर दोष आयसीभोवती आहे. आमचे शून्य आले. पोराने माइकवर पहिली हाक आईलाच मारली.

पण गोष्ट इथे संपली नाही. आठवड्याने तो आत्याच्या गावी कार्यक्रमाला किट घेऊन गेला. दुपारी आवाज स्वच्छ, संध्याकाळी मात्र घरघर. या वेळी त्याने एकही पार्ट बदलला नाही, मीटर काढले. शेतीपंपांचा भार वाढून लाइन १८० वर आली होती. रेग्युलेटरच्या तोंडाशी जेमतेम सोळा व्होल्ट. पंधरा बाहेर द्यायला त्याला आत निदान सतरा-साडेसतरा लागतात. कमी पडले की मेनलाइनची घरघर आवाजात मिसळते. उपाय त्यानेच काढला: ७८१२ आणि ७९१२ घातले. ५५३२ बारा व्होल्टवरही उत्तम चालतो. दुसरा उपाय १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर, पण मग २५ व्होल्टचे कपॅसिटर काढून ५० चे घालावे लागतात.

घरात मूल असे काही जोडत बसले असेल तर “तुला जमत नाही” म्हणण्याआधी त्याला एक साधे मल्टिमीटर घेऊन द्या. वहीत प्रत्येक टप्प्याचे आकडे लिहायला सांगा. आमच्या शेजारची वही आता निम्मी भरली आहे. परवा वडिलांनी घरचा बंद पडलेला रेडिओ गुपचूप त्याच्यासमोर आणून ठेवला.