रेट कोण ठरवतं, बॉस?

फ्रीलान्सरला सगळ्यात जास्त घाम फोडणारा प्रश्न म्हणजे ‘तुमचा रेट काय?’ जास्त सांगितला तर क्लायंट गायब, कमी सांगितला तर रात्रभर स्वतःवरच चिडचिड. (चेक कधी निघणार, हा प्रश्न तर विचारायचाच नसतो!) म्हणूनच एस्कॉर्टच्या धंद्यात दर कसे ठरतात, हे शोधायला घेतलं. आपल्याकडे एरवी हा विषय निघतो तो डोळा मारण्यापुरता.

आपला सगळ्यांचा समज असा, की रेट म्हणजे रूप. थोडं खरंही आहे. पण शहर कुठलं, हॉटेल कुठलं, तिने यायचं की गिऱ्हाईकाने जायचं, एक तास की पूर्ण रात्र, यावरही आकडा हलतो. काही जणी दर मुद्दाम चढा ठेवतात, म्हणजे दारू पिऊन घासाघीस करणारे आपोआप गळतात. इथवर सगळं एमबीएच्या पुस्तकातलं.

खरा फंडा पुढे आहे. आकडा तिच्या नावाचा असतो, पण त्यातलं तिच्या पर्समध्ये किती पडतं? मी मूळची जानेफळची. मेहकर तालुका, बुलडाणा जिल्हा. आमच्याकडे सोयाबीन घेऊन मार्केटला गेलेला शेतकरी भाव सांगत नाही, ऐकतो. कोलकात्याच्या सोनागाचीवर प्रभा कोटिस्वरन यांचं २०११ साली पुस्तक आलं. त्यातल्या कामाच्या पद्धती वाचताना मला थेट गावच आठवलं. ‘छुकरी’ म्हणजे कर्जात अडकलेली, कमाई मालकिणीकडे. आपल्या ऊसतोडणीच्या उचलीची सख्खी बहीण, फक्त जास्त क्रूर. ‘अधिया’ म्हणजे निम्मं तिचं, निम्मं मालकिणीचं. बटईची शेतीच जणू. तिसरी खोलीचं भाडं भरून स्वतःच्या हिशेबाने काम करणारी. मक्त्याने शेती करावी तशी. एजन्सीची इंग्रजी पाटी लावली म्हणून हे गणित बदलत नाही. फार तर मालकिणीच्या जागी मॅनेजर येतो.

हा मधला माणूस इतका जड का? बरंचसं श्रेय कायद्याला. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार सज्ञान बाईने स्वखुशीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं, तिच्या कमाईवर जगणं, हे मात्र गुन्हे. आणि कुंटणखान्याची व्याख्या बघा. दोघी-तिघींनी परस्परांच्या फायद्यासाठी वापरलेली जागासुद्धा त्यात बसते. म्हणजे तुम्ही-आम्ही टूबीएचके शेअर करून भाडं वाचवतो, ते तिने केलं की रेड पडू शकते. उरतं काय? लॉजवाला, ड्रायव्हर, दलाल. प्रत्येकाला जोखमीचे पैसे हवेत आणि ते तिच्या रेटमधूनच जाणार. जून २०१६ मध्ये केंद्राने २४० च्या आसपास एस्कॉर्ट वेबसाइट्स ब्लॉक करायला सांगितल्या. जाहिरात बंद झाली की ओळखीने गिऱ्हाईक आणणाऱ्याचा भाव वधारणार, एवढं इकॉनॉमिक्स तर कुणालाही कळतं.

आता सगळ्यात कडू आयटम. कंडोमशिवाय जास्त पैसे. मेक्सिकोतल्या सेक्स वर्कर्सवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा जादा दर २३ टक्के निघाला. २००३ साली आलेल्या कोलकात्याच्या अभ्यासात उलट बाजू दिसते. कंडोमचा आग्रह धरणाऱ्या बाईची कमाई निम्म्याहून जास्त घसरत होती. आपल्या अप्रेझलमध्ये पाच टक्के कमी मिळाले तर आपण आठवडाभर एचआरच्या नावाने खडे फोडतो. इथे निम्मी कमाई सोडायची, तीही स्वतःचा जीव सांभाळण्यासाठी.

सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये पोलिसांना बजावलं, की हे काम करणाऱ्या बायकांना सन्मानाने वागवा, शिवीगाळ-मारहाण करू नका. उत्तम. पण घासाघिशीच्या वेळी कोर्ट खोलीत नसतं.

यावर सांगलीत एक वेगळं काम उभं राहिलं. ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून तिथे आहे. १९९६ साली या बायकांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. कंडोम वाटायचं आणि समजवायचं काम बाहेरच्या ताईंनी नाही, वस्तीतल्या बायकांनी केलं. मला यातलं व्यवहारज्ञान फार आवडतं. एकटीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्यांनीच दिला तर त्याला जायला दार उरत नाही.

पण त्यासाठी शेजारचं दार माहीत असावं लागतं. मोबाइलवर बुकिंग घेऊन एकटी हॉटेलवर जाणाऱ्या मुलीचा आकडा सांगलीतल्या बाईच्या कितीतरी पट दिसेल. दुसरी मुलगी आज काय घेते, कशाला नाही म्हणते, हे मात्र तिला तिचा मॅनेजरच सांगतो.