ताटाची डावी बाजू

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा तालुक्याची जमीन लागते. पावसाळ्यात या घाटाखालच्या पट्ट्यात नजर टाकावी तिकडे कापूस, सोयाबीन आणि मका दिसतो. मधूनमधून तुरीच्या ओळी असतात. दोन पिढ्यांपूर्वीच्या वऱ्हाडी शेतात याहून पुष्कळ काही असे. ज्वारी-कपाशीच्या रानात तीळ आणि अंबाडी पेरलेली असे, आणि खरिपाचे रान मोकळे झाले की भारी जमिनीत उरलेल्या ओलीवर जवसाचे पीक घेतले जाई. यातील थोडाच माल बाजारात जाई. बाकीचा घरच्या ताटासाठी असे. मराठी ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. भाजी-आमटी उजवीकडची, तीळ, जवस, कारळे हा सारा डाव्या बाजूचा परिवार. भाकरीशेजारी चिमूटभर जागा व्यापणारा, पण जेवण पुरे करणारा.

हा परिवार आधी शेतातून गेला आणि पाठोपाठ पुष्कळ घरांच्या ताटांतूनही गेला. त्याची जागा तळलेल्या शेवेने, फरसाणाने आणि बाटलीतल्या सॉसने घेतली. आता तोच परिवार शहरांतील दुकानांतून परत येत आहे, पण वेगळ्या वेशात. जवसाला ‘फ्लॅक्स सीड’ म्हणायचे, भोपळ्याच्या बियांना ‘पंपकिन सीड’, आणि जोडीला मध्य अमेरिकेतून आलेला चिया. डब्यावर आश्वासन असते की चमचाभर बिया खा, पोट भरलेले राहील आणि वजन उतरेल. हे आश्वासन कितपत खरे आहे, याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

वजनाचा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांपुरता उरलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर गेली असून सुमारे 40 टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून घरातील तेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते याच चिंतेतून. शेतातील कष्ट यंत्रांनी कमी केले, पायी जाण्याचे अंतर मोटारसायकलने खाल्ले. ताट मात्र हलके झाले नाही.

बियांचा उपयोग कसा होतो, ते समजून घेण्यासारखे आहे. जवस किंवा चिया पाण्यात टाकला की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण धरते. फालुद्यातील सब्जाही असाच फुगतो. हे आवरण म्हणजे पाणी धरून ठेवणारा तंतुमय पदार्थ. पोटात गेल्यावर तो अन्नाला घट्टपणा देतो, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो, रक्तातील साखर एकदम उसळत नाही आणि भूक उशिरा लागते. बियांतील प्रथिने आणि स्निग्धांश या परिणामात भर घालतात. 100 ग्रॅम जवसात सुमारे 27 ग्रॅम तंतू आणि 18 ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या पोषणतज्ज्ञांनी 2000 उष्मांकांच्या आहारात दिवसाला साधारण 30 ग्रॅम तंतू असावेत असे सांगितले आहे. मैद्याची बिस्किटे, पांढरा भात आणि चहा यांवर चालणाऱ्या दिवसात ते भरून निघणे कठीण आहे.

तथापि पोट भरल्यासारखे वाटणे आणि वजन उतरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. 2017 मध्ये जवसावरील 45 नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात वजनातील सरासरी घट भरली जेमतेम एक किलो. तीही मुख्यतः जे दिवसाला 30 ग्रॅम वा अधिक जवस बारा आठवडे किंवा त्याहून दीर्घकाळ घेत होते त्यांच्यात. चियाचीही तीच कथा. 2009 मधील एका अमेरिकी प्रयोगात रोज 50 ग्रॅम चिया बारा आठवडे देऊनही वजनात फरक पडला नाही. 2017 मध्ये कॅनडातील प्रयोगात मधुमेही रुग्णांचे वजन सहा महिन्यांत सुमारे दोन किलोंनी उतरले. पण त्या रुग्णांचा एकूण आहारही मोजून कमी केलेला होता. अर्थ उघड आहे. बी हे साहाय्यक आहे, सेनापती नव्हे. आहार आवरण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे. त्या कामात भुकेचा त्रास थोडा कमी व्हावा, एवढेच बी करू शकते.

या कामी गृहिणीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अशी की बी हे ताटात भर म्हणून नको, बदली म्हणून हवे. 10 ग्रॅम जवसात 53 च्या आसपास उष्मांक असतात. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या शेवेत जवळजवळ तितकेच असतात. शेव काढून चटणी वाढली तर त्याच हिशेबात तंतू अधिक पदरात पडतो. शेवही ठेवली, चटणीही वाढली आणि तिच्यावर तेलाची धार सोडली, तर वजन वाढेलच. दोष जवसाचा नसेल.

दुसरी गोष्ट दाण्याच्या स्वरूपाची. जवसाचा अखंड दाणा दातांखालून निसटला तर जसा गेला तसाच बाहेर पडतो. म्हणून तो हलका भाजून कुटावा. मात्र कुटलेले जवस लवकर खवट होते. ते आठवड्यापुरतेच करावे आणि झाकणाच्या बरणीत ठेवावे. आपल्या आज्या खलबत्त्यात थोडी थोडी चटणी कुटत, त्यात हा व्यवहार आपोआप साधत असे.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि प्रकृतीची. चिया किंवा सब्जा कोरडा गिळू नये. 2014 मध्ये अमेरिकेत एका माणसाने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यायले. दाणे अन्ननलिकेतच फुगून बसले आणि ते काढण्यासाठी डॉक्टरांना उपचार करावे लागले. एरवी जे तंतू कमी खातात, त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी अधिक प्यावे. रक्त पातळ होण्याची किंवा मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी नेहमीच्या चटणीपलीकडे जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

येथे एका सवयीबद्दलही बोलले पाहिजे. पाश्चात्त्यांनी काही नवे सांगितले की ‘हे तर आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून आपण समाधान मानतो. आयुर्वेदाने ‘अतसी’ची दखल घेतली हे खरे, पण त्याच परंपरेने तिला पचायला जड आणि उष्ण म्हटले आहे, म्हणजे मात्रेचे भान सांगितले आहे. शिवाय पूर्वज ते खात होते आणि आपण सोडून दिले, यात अभिमानाचे कारण कोणते? एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत-वऱ्हाडातील जवस मुंबईच्या बंदरातून युरोपात जाई आणि तिथे त्याच्या तेलाचे रंग व वॉर्निश होई. आज रशिया, कझाकस्तान आणि कॅनडा या पिकात आघाडीवर आहेत, आणि वऱ्हाडातील माणूस तेच बी इंग्रजी नावाच्या पुडीतून घेतो. परंपरेचा खरा आदर ती ताटात वाढण्यात आहे.

ताटाचा प्रश्न शेवटी शेतापाशी येतो. सोयाबीन आले, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि नगदी पिकांच्या ओढीत मिश्र पिकांची जागा आक्रसत गेली. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मुलांचे शिक्षण आणि दवाखान्याचा खर्च जवसावर भागत नव्हता. केंद्र सरकार ज्या सात तेलबियांना हमीभाव जाहीर करते, त्यांत तीळ, कारळे आणि करडई आहेत, जवस नाही. दुसरीकडे शेजारच्या वाशिम जिल्ह्यात अलीकडे शेतकऱ्यांनी चिया पेरून पाहिला, कारण त्याला भाव आणि खरेदीदार दिसला. म्हणजे वऱ्हाडातील शेतकरी बदलायला तयार आहे, घेणारा हवा. चिया परका म्हणून त्याज्य ठरत नाही. मिरची आणि बटाटाही परदेशातूनच आले. प्रश्न इतकाच की जे घरच्या रानात थोड्या पाण्यावर आणि थोड्या खर्चात येते, त्याला गिऱ्हाईक मिळू नये, हे कसे? आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. अशा देशात तेलबियांच्या एका पिकाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

म्हणून सुरुवात घरातून व्हावी. आठवड्याच्या बाजारात पावशेर जवस आणि पावशेर तीळ घ्यावेत, ते मूळच्या नावाने मागावेत. ज्याची चार-दोन एकर शेती आहे, त्याने दोन ओळी तिळाच्या, एक तुकडा जवसाचा घरापुरता ठेवावा. शहरातील नातेवाइकांनी गावाहून येताना सोयाबीनच्या भावाची चौकशी करावी, तशी चटणीची बरणीही मागून आणावी आणि तिचे रास्त पैसे द्यावेत. महिला बचत गटांना यातून हाताला काम मिळू शकते. संध्याकाळी पाचच्या भुकेला मुलांच्या हाती बिस्किटांचा पुडा देण्याऐवजी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि वर जवसाची चटणी द्यावी. पहिले चार दिवस ती नाके मुरडतील. पाचव्या दिवशी मागतील.

यातून कोणाचे वजन महिन्याभरात दहा किलोंनी उतरणार नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. भुकेला वेळेवर आणि पुरते उत्तर मिळेल, तळलेले थोडे सुटेल, आणि घाटाखालच्या एखाद्या शेतात हिवाळ्यात पुन्हा जवसाची निळी फुले दिसतील. ताटाची डावी बाजू भरण्याइतके तर प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.