बंदिवान मातांची मुले

२०२२ च्या डिसेंबरअखेर देशातील तुरुंगांत १,५३७ स्त्रिया आपल्या १,७६४ मुलांसह राहत होत्या, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. त्यांपैकी १,३१२ स्त्रिया न्यायाधीन बंदी होत्या. ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, अशा मातांची मुले गजांआड रांगावयास आणि बोलावयास शिकतात, असा याचा सरळ अर्थ आहे.

न्यायालयांनी याबाबत उदासीनता दाखविली, असे मात्र म्हणता येणार नाही. आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निर्देश दिले. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावे. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचा उल्लेख नसावा. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकावे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्याचे संरक्षण बंदिवान स्त्रीलाही आहे, असा निर्वाळा दिला. स्वतःच्या देहावरचा तिचा अधिकार तुरुंगाच्या दाराशी संपत नाही, हे त्यातील मर्म होय. २०२४ साली नागपूर खंडपीठाने एका गर्भवती बंदी स्त्रीला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. पण तो मिळाला अर्ज केल्यावर. जिच्यापाशी वकील नाही, जिला माहेरानेही टाकले आहे, तिने काय करावे?

‘गुन्हा करताना मुलांची आठवण का झाली नाही?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. न्यायाधीन स्त्रीच्या बाबतीत तो गैरलागू आहे आणि शिक्षा झालेल्या स्त्रीच्या बाबतीत निष्ठुर. कारण न्यायाधीशाने शिक्षा ठोठावलेली असते आईला.

खरी परवड सहा वर्षे पुरी झाल्यावर सुरू होते. शासकीय गृहात ठेवलेल्या मुलाला आठवड्यातून निदान एकदा आईला भेटू द्यावे, असे २००६ चाच निर्णय सांगतो. मूल आजीकडे असेल तर? स्त्रियांसाठी स्वतंत्र तुरुंग मोजकेच. त्यामुळे बंदी स्त्री बहुधा गावापासून दूर. मोलमजुरी करणारी म्हातारी एक दिवसाचा रोज बुडवून, एसटीचे भाडे भरून, नातवाला कितीदा आणणार? महाराष्ट्रातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ घडवून आणली गेली. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु मुलाने आईच्या कुशीत शिरणे हा समारंभ का ठरावा?

गर्भवती आणि लेकुरवाळ्या न्यायाधीन स्त्रियांच्या जामिनाचा विचार न्यायालयाने अर्जाची वाट न पाहता करावा. आणि भेटीस येणाऱ्या मुलाचे, त्याच्या सोबत्याचे प्रवासभाडे शासनाने द्यावे. या मुलांपायी कोणत्याही सरकारची तिजोरी रिकामी होणार नाही.